सॉनिकचा केक हवा, पण सॉनिक कधी खेळलाच नाही! पात्र मोठं होतं ते गेममुळेच का?

सराफ्यातला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार.

काल भाच्याचा आठवा वाढदिवस झाला. महिनाभर एकच हट्ट होता, केक सॉनिकचाच पाहिजे. दप्तर सॉनिकचं, पाण्याची बाटली सॉनिकची, म्हणून केकही निळाच आणला. कापून झाल्यावर मी सहज विचारलं, "त्याचा कुठला गेम आवडतो रे तुला?" पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. "मामा, सॉनिकचा गेमपण असतो?"

हे काही डोक्यातून जाईना. त्याने सॉनिक पाहिला तो सिनेमात, मग यूट्यूबवर. आणि सॉनिकचा जन्मच मुळी गेमसाठी झालेला, जून १९९१ मध्ये, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या मशीनवर.

माझं मत इतकी वर्षं पक्कं होतं की गेम चांगला तर पात्र मोठं. ते बनलं आमच्या लहानपणी. १९९४-९५ ची गोष्ट असेल. इंदूरला रामबागेत आमच्या वाड्यात एकाच घरी व्हिडिओ गेम होता. जपानी मशीनची नक्कल, पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत तेच वीस-पंचवीस गेम फिरून फिरून. मारिओचं चित्र ना खोक्यावर होतं ना कॅसेटवर. आम्ही पाहिला तो पडद्यावरचा ठिपक्याठिपक्यांचा बुटका माणूस. नाव मारिओ आहे हेसुद्धा वाड्यातल्या एका दादाने सांगितलं. तरी आम्ही त्याच्यावर जीव टाकला, कारण बटण नुसतं टेकवलं की तो छोटी उडी मारायचा आणि दाबून धरलं की मोठी. पळता पळता एकदम उलटं फिरवलं तर घसरायचा. अंगात वजन असल्यासारखा. खड्डा आला की खेळणाऱ्याबरोबर मागे बसलेले आम्ही चौघंही जागेवरून उठायचो.

तेव्हा ना त्याचं कार्टून पाहिलं होतं, ना बाहुली. जे प्रेम होतं ते त्या उडीवरच.

मग भाच्याचं प्रेम कशावर आहे? ते कमी खरं आहे असं म्हणवत नाही, तो रात्री बाटली उशाशी घेऊन झोपतो. तुम्हाला काय वाटतं, मनापासून सांगा.

---

बटणदाब | सोमवार, रात्री ११:१५

भिया, तुमचं मत मारिओपर्यंत ठीक आहे. सॉनिकला लावलं की कोसळतं.

मी सॉनिकचा प्रत्येक मोठा गेम खेळलोय, त्यामुळे जीव तोडून सांगतो. पहिले मेगा ड्राइव्हवरचे अप्रतिम. १९९८ चा ॲडव्हेंचरही धाडसी होता. २००१ मध्ये सेगाने स्वतःची मशीनं बनवणं बंद केलं आणि सॉनिक चक्क निन्टेन्डोच्या, म्हणजे मारिओवाल्या कंपनीच्या मशीनवर दिसायला लागला. मग २००६. पंधराव्या वाढदिवसाचा गेम म्हणून नुसतं 'सॉनिक द हेजहॉग' हेच नाव पुन्हा दिलं. युजी नाका, म्हणजे मूळ गेमचा प्रोग्रामर, काम अर्धवट असतानाच कंपनी सोडून गेला. उरलेल्या टीममधली काही माणसं निन्टेन्डोच्या 'वी' मशीनसाठीच्या दुसऱ्या सॉनिकवर गेली. गेम बाहेर आला तेव्हा सॉनिक भिंतीत अडकत होता, जमिनीतून खाली पडत होता. दोन ओळींचं संभाषण ऐकायला लोडिंगचा पडदा दोनदा बघावा लागे. त्यानंतर २०१४ चा राइज ऑफ लिरिक आला, तोही त्याच माळेतला.

गेम वाईट निघाले की पात्र मरतं, असं असतं तर सॉनिक २००६ मध्येच गेला असता. प्रत्यक्षात काय झालं? एप्रिल २०१९ मध्ये सिनेमाचा ट्रेलर आला, त्यात त्याला माणसासारखे दात काढले होते, आणि जगभरचे लोक असे काही चिडले की स्टुडिओने प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ढकललं आणि आख्खा सॉनिक पुन्हा बनवला. चिडले त्यातल्या किती जणांनी आदल्या दहा वर्षांत सॉनिकचा एखादा गेम विकत घेतला असेल? तरी तो त्यांना आपला वाटत होता.

---

जेलरोड_दुरुस्ती | मंगळवार, सकाळी ८:०५

पोहे खाता खाता धागा वाचला, दुकान उघडायच्या आधी लिहून टाकतो.

मी १९९२ पासून ही मशीनं खोलतोय. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं ते मारिओची कॅसेट द्या म्हणत. कुठली मारिओ, कोणी बनवलेली, अस्सल की नक्कल, कोणी विचारायचं नाही. अस्सल आमच्याकडे यायचीच कुठे? एक कॅसेट तर अशी आली होती की मारिओ चक्क सॉनिकच्या मैदानात पळतोय. सोमारी नाव त्याचं. मेगा ड्राइव्हचा वेगवान खेळ नक्कल करून आठ बिटच्या मशीनमध्ये कोंबलेला, हलवला की अडखळायचा. गेम म्हणून काही दम नव्हता. पण पोरं ती कॅसेट तासाच्या भाड्यावर घेऊन जायची, कारण दोन्ही हिरो एकात! आपल्या गावातल्या बऱ्याच पोरांनी सॉनिकचं मैदान पहिल्यांदा पाहिलं ते असं, मारिओला पळवत.

म्हणून माझा अनुभव असा की दर्जा ही खेळणाऱ्याने नंतर शिकायची गोष्ट आहे. आधी चेहरा ओळखीचा लागतो.

---

रेघोट्या | मंगळवार, दुपारी १:३०

मी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे चेहऱ्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

सराफ्यातला, तुम्ही म्हणता मारिओचं चित्र नव्हतं. पण ते ठिपके हेच चित्र होतं, आणि फार विचारपूर्वक काढलेलं. १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये मारिओ घडवणाऱ्या मियामोतोंकडे मोजकेच ठिपके होते. केस काढले की उडी मारताना हलवावे लागणार, म्हणून टोपी. तोंड उमटेना, म्हणून मिशी आणि मोठं नाक. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून ते खांद्यावर पट्टे असलेले कपडे. प्रत्येक अडचणीतून एकेक वस्तू आली आणि तीच त्याची ओळख झाली. म्हणून तुमच्या वाड्यातल्या धुरकट टीव्हीवरही तो तुम्हाला दिसला.

सॉनिकचं उलट. तिथे कंपनीला आधी चेहरा हवा होता, मारिओला टक्कर देणारा. सेगाचे चित्रकार नाओतो ओशिमांनी वेगवेगळी पात्रं काढली आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवली. लोकांनी बोट ठेवलं ते साळिंदरासारख्या काटेवाल्यावर. निळा रंग सेगाच्या नावाचा. आणि काटेवाला प्राणी अंगाचा गोळा करतो, म्हणून गोळा होऊन घरंगळणं हा खेळ. इथे चित्र आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत.

अँग्री बर्ड्स आठवतात? २००९. याक्को इसालोने पाय नसलेल्या रागीट पक्ष्यांचं एक चित्र काढलं, सगळ्यांना पक्षी आवडले, मग त्यांच्यासाठी गेम शोधला. आणि मग आपल्या शाळांतली दप्तरं, कंपास, टिफिन बघा! माझ्या पुतणीकडे लाल पक्ष्याची छत्री होती, घरात स्मार्टफोन यायच्याही आधी.

---

बटणदाब | मंगळवार, दुपारी २:१०

रेघोट्या, पटलं. पण मग बब्सीचं काय?

१९९३ मध्ये बब्सी नावाचा रानमांजर आला. चेहरा होता, टीशर्ट होता, सतत बोलायची सवय होती. सॉनिक चालला, आपणही एक काढू, असा सरळ हिशोब. टीव्हीसाठी कार्टूनचा एक भागही बनवला होता. गेममध्ये मात्र एवढ्या वेगात पळायचं की समोर काय आहे ते दिसायच्या आधी आपण मेलेलो. १९९६ मध्ये त्याचा थ्रीडी गेम आला आणि विषय जवळजवळ संपला. आज बब्सी कोणाच्या केकवर दिसतो का?

म्हणजे नुसता चेहरा पुरत नाही. कधीतरी, एकदा तरी, हातात घेतल्यावर मजा आलेली असावी लागते. मारिओनेही वाईट दिवस पाहिले. फिलिप्सच्या सीडी-आय मशीनवर १९९४ मध्ये त्याचा एक हॉटेलातली दारं बंद करत फिरायचा गेम आला होता, आज त्याची आठवण लोक काढतात ती कीव करायला. १९८२ मध्ये अटारीच्या घरगुती मशीनवर पॅकमॅन आला तो असा की भुतं लुकलुकायची, रंग भलतेच, आवाज भलताच. लाखोंनी विकला गेला आणि लाखो पोरांचा हिरमोड झाला. पण पॅकमॅनला काही झालं नाही, कारण १९८० चा मूळ खेळ लोकांनी आधीच मनात जपलेला होता.

---

माहेर_बडोदा | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

गेममधलं मला फारसं कळत नाही, मुलगा खेळतो तेवढंच. पण हे सगळं वाचताना मला आमची अमूलची मुलगी आठवली. आणंद आमच्या बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटर. १९६६ पासून ती पोलका डॉटचा फ्रॉक घालून फलकावर उभी आहे. तिच्यावर माझं प्रेम आहे ते लोण्यामुळे का? लोणी चांगलंच आहे, पण आम्ही स्टेशनवरून येताना मान वर करून बघायचो ते आज ती काय बोलते ते. क्रिकेट, निवडणूक, नवा सिनेमा, प्रत्येकावर तिचं काहीतरी म्हणणं. बाबा रिक्षा थांबवून वाचून दाखवायचे.

म्हणजे तिला कोणीतरी सतत बोलतं ठेवलं. सॉनिकचंही तसंच असेल का, की गेम बिघडले तेव्हा कार्टूनवाल्यांनी आणि चित्रकथावाल्यांनी त्याला बोलतं ठेवलं?

---

मिलवाल्यांचा_मुलगा | मंगळवार, रात्री ११:५५

ताई, तुम्ही विषयाच्या मुळाशी हात घातलात. मी मोठं लिहिणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

वडील इंदूरच्या एका कापड मिलमध्ये जॉबर होते. अनंत चतुर्दशीच्या आधी दीड-दोन महिने ते घरी उशिरा यायचे, कारण पाळी संपली की झांकीचं काम. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आपल्याकडे गणपती विसर्जनाच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर पुराणातले देखावे, हलणारे पुतळे, हजारो दिवे. चिकमंगलूर चौराह्यावरून जेलरोडला वळतात, पुढे राजवाड्याकडे, आणि पहाटेपर्यंत चालतात. आख्खा माळवा रस्त्यावर असतो.

ते पुतळे हलवणारी माणसं मागावर काम करणारी होती. मारुतीचा हात वर जायचा तो जुन्या मोटरीवर, पुलीवर आणि सायकलच्या चेनवर. दिवे पळताना दिसायचे त्यासाठी लाकडी ड्रमवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकून तो फिरवत ठेवायचे, पट्टी तारेला टेकली की त्या रांगेतले दिवे लागणार. वडील म्हणायचे, धाग्याचा ताण ज्याला कळतो त्याला हाताची लय कळते.

१९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. मागेपुढे बाकीच्याही गेल्या. भोंगे थांबले, कापड थांबलं.

झांकी थांबली नाही. कामगारांनी वर्गणी काढली, नगर निगमने आणि विकास प्राधिकरणाने हात दिला, आणि दरवर्षी 'हुकुमचंदची आली', 'मालवा मिलची आली' अशी आरोळी उठतेच. जी पोरं खांद्यावर बसून ती बघतात त्यांनी त्या मिलचं एक हात कापड पाहिलेलं नाही. माझ्याच मुलीने लहानपणी विचारलं होतं, "बाबा, हुकुमचंद म्हणजे झांकी बनवायची कंपनी का?" सराफ्यातला, तुमच्या भाच्याचा प्रश्न वाचला आणि तो दिवस जसाच्या तसा समोर आला.

आता मिल चांगली होती म्हणून झांकी टिकली का? कापडाच्या दर्जाशी तिचा काही संबंध उरला नव्हता. पण मिल कधी नसतीच तर झांकी झालीच नसती, कारण ते हात तिथेच तयार झाले. पहिला चांगला गेम म्हणजे ती मिल, असं मला वाटतं. ती पुढे चालो न चालो, तिने घडवलेले हात शिल्लक असले की पात्र जगतं. आणि ज्या वर्षी पुतळ्याचा हात अडखळतो, त्या वर्षी गर्दी गप्प राहते. लोकांना कळतं. वडील त्या रात्री जेवायचे नाहीत.

---

रामबाग_गल्लीवाली | बुधवार, सकाळी ७:२०

+१. मिलवाल्यांचा_मुलगा, डोळे भरून आले. आमच्या आजोबांचीही स्वदेशी मिलमध्ये नोकरी होती.

---

बटणदाब | बुधवार, सकाळी ९:४५

काका, तुम्हाला सांगायलाच हवं, तुम्ही म्हणता ते हात सॉनिकलाही मिळाले!

ख्रिश्चन व्हाइटहेड नावाचा ऑस्ट्रेलियातला मुलगा. लहानपणी सॉनिक खेळला, मोठेपणी घरी बसून जुना सॉनिक नव्या मशीनवर कसा चालेल यासाठी स्वतःचं इंजिन लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं काम बघून सेगाने त्यालाच बोलावलं, आणि २०११ मध्ये सॉनिक सीडी त्याच्या हातून नव्याने बाहेर आला. मग २०१७ मध्ये त्याने आणि त्याच्यासारख्याच वेड्या चाहत्यांनी मिळून सॉनिक मेनिया बनवला. बऱ्याच वर्षांत समीक्षकांनी एवढं कौतुक केलेला सॉनिक तोच. दोन वर्षांनी ट्रेलर बघून चिडलेले लोक याच जातीचे होते.

तरी एक काटा राहतोच. पिकाचू. आपल्या पिढीत गेम बॉय किती जणांच्या हातात होता? आपण त्याला ओळखलं ते कार्टून नेटवर्कवर. खेळायला मिळाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, पोकेमॉन गो जिओबरोबर भारतात अधिकृतपणे आला तेव्हा. जिओची दुकानं पोकेस्टॉप, म्हणजे गेममधले थांबे, झाली होती, मी थंडीत आपल्या लालबाग महालाच्या बाहेर मोबाइल धरून उभा असायचो. आणि नोव्हेंबर २०२२ मधले पोकेमॉनचे स्कार्लेट आणि व्हायोलेट हे गेम? पात्रं जमिनीत रुतायची, पडदा अडखळायचा, लोकांनी हसून हसून व्हिडिओ टाकले. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. इथे तुमची गप्प बसणारी गर्दी कुठे आहे?

---

रेघोट्या | बुधवार, सकाळी ११:१०

विक्री झाली म्हणजे गर्दी बोलली असं धरू नका. झांकी बघायला लोक येणारच, रात्रभर जागणारच. गप्प राहिले का ते रस्त्यावर उभं राहून कळतं, आकड्यात ते दिसत नाही.

मला आणखी एक फरक करावासा वाटतो, ओळख आणि जीव यांतला. दप्तरावर छापलं की ओळख होते. जीव जडतो तो पात्र कसं हलतं त्यावर. मारिओ ६४ बनवताना मियामोतोंच्या टीमने बाकी काही तयार नसताना नुसता मारिओ आणि एक ससा घेतला होता. सशाच्या मागे पळायचं, वळायचं, उडी मारायची. तेवढ्यातच मजा येईपर्यंत ते घासत राहिले, मग बाकीचं जग उभं केलं. १९९६ मध्ये ज्यांनी तो हातात घेतला ते आजही गडाच्या बाहेर उगाच कोलांट्या मारत बसल्याची गोष्ट सांगतात.

सिनेमातला सॉनिक सुंदर हलतो कारण ते हलणं १९९१ पासून कोणीतरी ठरवून ठेवलंय. भाच्यापर्यंत ते पोचलंय, फक्त वळसा घालून.

---

जेलरोड_दुरुस्ती | बुधवार, दुपारी ४:००

सराफ्यातला दादा, एवढी चर्चा करण्यापेक्षा पोराच्या हातात द्या ना एकदा. जुने सॉनिक लॅपटॉपवर मिळतात. रिमोट नसेल तर दुकानात या, माझ्याकडे वायरवाला एक चांगला पडलाय. पैसे नकोत, काय झालं ते इथे लिहा.

---

सराफ्यातला (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:२५

सगळ्यांचे आभार. मिलवाल्यांचा_मुलगा, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, तिने दोनदा वाचायला लावला. माझं जुनं मत मी सोडतोय. पुढचे गेम वाईट निघाले तरी पात्र जगतं हे मान्य. पण पहिल्यांदा कोणीतरी ते हलवून दाखवलेलं असलं पाहिजे, इथे मी अडून बसतो.

जेलरोडहून रिमोट आणला. आज दुपारी भाच्याला १९९१ चा पहिला सॉनिक लावून दिला, काहीच न सांगता. पहिली दहा मिनिटं त्याची तक्रार चालू होती. हा बोलत का नाही, चित्र असं चौकोनी का. मग उतारावर गोळा झाला आणि वेग आला. पोरगं गप्प. काट्यांवर पडला, गोळा केलेल्या सगळ्या रिंगा सांडल्या, तेव्हा किंचाळला. दोन-तीनदा मेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की एक रिंग जवळ असली तरी जीव वाचतो. मला बोलवून समजावून सांगितलं, जणू मला ठाऊकच नाही.

मग पाणी प्यायला रिमोट खाली ठेवला. तुम्हाला आठवत असेल, काही दाबलं नाही की सॉनिक आपल्याकडे तोंड करून पाय आपटायला लागतो. बाटली तोंडाला तशीच लावून तो बघत राहिला. "मामा! हा माझी वाट बघतोय!"

त्यानंतर अर्धा तास तो फारसा पुढे गेलाच नाही. थोडं पळवायचा, रिमोट मुद्दाम गादीवर ठेवायचा, आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून तो पाय कधी हालतो याची वाट बघायचा. संध्याकाळी घरी जाताना दप्तर पाठीवरून काढून समोर धरलं, त्यावरच्या सॉनिककडे बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ह्याचा पाय का नाही हालत?"